पाववाल्याचा मुलगा: सेनापति आंत्वान द्रूओ

नेपोलियन बादशहाचें नांव ऐकलें नाहीं असा वाचक विरळा. त्याच्या पदरीं जे सरदार होते, त्यांचींहि नांवें इतिहासाच्या पुस्तकांतून वाचावयास मिळतात. नेय हा शूरांतला शूर म्हणून गाजला; म्युरा हा घोडेस्वारांचा नायक असून पुढें नेपल्सचा राजा झाला; लान व दाव्हू ह्यांनीं मोठमोठ्या लढाया जिंकिल्या. परंतु त्याच सैन्यांत एक असा सेनापति होऊन गेला कीं, ज्याच्या तोफांनीं बादशहाला अनेक संकटांतून सोडविलें, आणि तरीहि ज्यानें संपत्तीचा किंवा मानाचा हव्यास कधीं धरिला नाहीं. त्याचें नांव आंत्वान द्रूओ. आमच्याकडे हें नांव फारसें कोणास ठाऊक नाहीं. म्हणून त्याचें चरित्र ह्या अंकीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

फ्रान्सच्या पूर्व भागांत लोरेन नांवाचा प्रांत आहे; नान्सी हें त्यांतील एक मोठें शहर. तेथें ११ जानेवारी १७७४ रोजीं एका पाववाल्याच्या घरीं आंत्वानचा जन्म झाला. घरांत बारा भावंडें. त्यांत हा तिसरा. बाप रात्रीं भट्टीपाशीं राबे, तेव्हां कोठें एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या पोटापुरतें मिळे. आंत्वान तीन वर्षांचा असतांना आपण होऊन शाळेच्या दाराशीं गेला. वय लहान म्हणून गुरुजींनीं त्याला आंत घेतलें नाहीं, तेव्हां तो तेथेंच रडत राहिला, अशी गोष्ट सांगतात. पुढें शाळा मिळाली, पण अभ्यासाला वेळ मिळेना. दिवसां गिऱ्हाइकांच्या घरोघर पाव पोंचवावे लागत, आणि संध्याकाळीं सगळीं भावंडें एकत्र जमलीं म्हणजे गोंगाट होई. तेल वांचावें म्हणून दिवाहि लौकर मालवीत. तेव्हां हा मुलगा पहांटे दोन वाजतां उठे, बापाला हात लावी, आणि भट्टीचें तोंड उघडें असे तोंवर तिच्या उजेडांत पुस्तक धरून बसे. अशा रीतीनें तो लॅटिन भाषा व गणित शिकला.

इतक्यांत देशांत मोठी उलथापालथ झाली. १७८९ सालीं राज्यक्रांति झाली. जानेवारी १७९३ मध्यें राजाचा शिरच्छेद झाला, आणि युरोपांतील बहुतेक राजे फ्रान्सवर चालून आले. त्यापूर्वी सैन्यांतील अधिकाराच्या जागा बहुधा खानदानी घराण्यांतील मुलांस मिळत. आतां पुष्कळ सरदार देश सोडून गेले होते, आणि सैन्याला शिकलेल्या अधिकाऱ्यांची निकड होती. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची परीक्षा शालों येथें होणार असें कळल्यावर १९ वर्षांचा आंत्वान तिकडे पायीं निघाला.

परीक्षा घेणारा गृहस्थ कोणी सामान्य नव्हता. आकाशांतील ग्रहांच्या गतीचें गणित मांडणारा जगप्रसिद्ध पंडित लाप्लास हा त्या दिवशीं परीक्षकाच्या जागीं बसला होता. दिवाणखाना शहरी तरुणांनीं भरलेला होता. अशा वेळीं दारांतून एक खेडवळ दिसणारा मुलगा आंत आला. पायांत जाड जोडे, हातांत काठी. त्याला पाहतांच सर्वांस हंसूं लोटलें. लाप्लासलाहि वाटलें कीं, हा कोणी वाट चुकून आला असावा. म्हणून त्यानें त्यास येण्याचें कारण विचारिलें. आपण परीक्षेसाठींच आलों आहों असें मुलानें नम्रपणें सांगितलें. त्याची पाळी आली, आणि प्रश्न सुरू झाले. सोपे झाले, कठीण झाले. शेवटीं परीक्षेच्या नेमणुकीबाहेरचेहि विचारून झाले. परंतु उत्तर कोठेंहि अडेना. तेव्हां त्या थोर पंडितानें उठून त्याला पोटाशीं धरिलें, आणि सर्वांत पहिला क्रमांक तुझाच असें त्यास कळविलें. जे हंसले होते त्याच तरुणांनीं त्याला खांद्यावर घेऊन गांवांत मिरविलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं लाप्लासनें ही हकीकत स्वतः नेपोलियनला सांगितली असें म्हणतात.

येथें तोफखान्याविषयीं थोडें सांगणें जरूर आहे, कारण आमच्या वाचकांनीं तोफा पाहिल्या असल्या तर त्या एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर गंजत पडलेल्याच पाहिल्या असतील. त्या काळच्या रणांगणावरील मोठी तोफ सुमारें ६ किलो वजनाचा भरीव लोखंडी गोळा फेंकी. ती ओढावयास सहा घोडे लागत. प्रत्येक बारानंतर तोफ आपल्याच धक्क्यानें मागें सरे. मग गोलंदाजांनीं ती ढकलून पुन्हां जागेवर आणावयाची, नळी ओल्या बोळ्यानें पुसावयाची, दारूची पिशवी व गोळा ठासावयाचा, नेम धरावयाचा, आणि बत्ती द्यावयाची. इतकें सर्व होऊन मिनिटाला सुमारें एक बार निघे. शत्रु जवळ आला म्हणजे गोळ्याऐवजीं छऱ्यांनीं भरलेले डबे ठाशीत. हें काम घाईचें असून घाईनें बिघडणारें असे. समोरून घोडेस्वार अंगावर येत असतां ज्याचा हात कांपत नाहीं, आणि ज्याचें गणित चुकत नाहीं, तोच तोफखान्याचा खरा अधिकारी. द्रूओच्या अंगीं हे दोन्ही गुण होते.

१७९३ च्या सप्टेंबरांत ओंड्स्कोट येथें इंग्रज व हानोव्हरच्या सैन्याशीं लढाई झाली. तींत त्यानें पहिल्यानें नांव मिळविलें. पुढच्या वर्षीं फ्लरूसच्या रणांगणावर तो होता. १७९९ सालीं इटलींत त्रेबिया नदीकांठीं फ्रेंचांचा पराभव झाला, तो त्यानें पाहिला. आणि डिसेंबर १८०० मध्यें होहेनलिंडेनच्या बर्फाळ रानांत ऑस्ट्रियाचा जो मोठा पराभव झाला, त्या विजयांतहि त्याचा वांटा होता. पुढें कांहीं काळ तो आरमारावर गेला, आणि नंतर शस्त्रांच्या कारखान्यांवर तपासनीस म्हणून राहिला. बंदुकी करणाऱ्यांच्या हिशोबांत त्याला लांच देऊं करणारे भेटले नसतील असें नाहीं. परंतु त्याच्या नांवाला डाग लागला नाहीं. १५ वर्षें सरलीं तरी तो मोठ्या पदाला चढला नव्हता. वशिला लावणें त्याला माहीत नव्हतें, आणि आपली स्तुति आपण करणें हें त्याला जमत नव्हतें.

१८०८ सालीं बादशहानें आपल्या खाशा फौजेचा पायदळ तोफखाना उभारिला, तेव्हां द्रूओ त्याजवर आला. पुढच्या वर्षीं ६ जुलै १८०९ रोजीं व्हिएन्नाजवळ वाग्राम येथें त्याची खरी कसोटी झाली. ऑस्ट्रियाच्या सैन्यानें फ्रेंचांची डावी बाजू दाबीत आणिली होती, आणि मधली फळी पातळ झाली होती. तेथें माणसें आणावयास अवकाश नव्हता. म्हणून बादशहानें सुमारें १०० तोफा एका ओळींत आणून उभ्या करण्याचा हुकूम दिला. त्यांपैकीं ६० खाशा फौजेच्या होत्या, आणि त्यांच्या पायदळ तोफखान्याचा नायक द्रूओ होता. उघड्या माळावर ह्या तोफा शत्रूच्या तोंडावर जाऊन भिडल्या. गोलंदाज इतके पडले कीं, तोफा चालविण्यासाठीं खाशा पायदळांतून माणसें मागवावीं लागलीं. द्रूओच्या पायाला जखम झाली, तरी तो जागेवरून हलला नाहीं. त्या भडिमारानें शत्रूची मधली फळी ढिली झाली, आणि दिवस फ्रेंचांच्या पदरांत पडला. ह्या लढाईनंतर त्याला कर्नलची जागा मिळाली.

आतां त्याच्या राहणीविषयीं दोन शब्द. फ्रेंच सैन्यांत त्या काळीं धर्माची थट्टा करणें हें शहाणपणाचें लक्षण समजत असत. द्रूओ रोमन कॅथलिक पंथाचा होता. तो पवित्र शास्त्राची लहानशी प्रत जवळ बाळगी, आणि तळावर फावला वेळ मिळाला म्हणजे ती वाचीत बसे. हें तो लपवीत नसे, आणि दाखवीतहि नसे. थट्टा करणारे थट्टा करीत. परंतु तोफा सुरू झाल्या म्हणजे त्यांनाच त्याच्याजवळ उभें राहणें बरें वाटे. तो शिव्या देत नसे, जुगार खेळत नसे, आणि लुटीला हात लावीत नसे. नेपोलियन स्वतः धार्मिक नव्हता, तरी माणसाची पारख त्याला होती; त्यानें द्रूओला आपल्या महासैन्यांतील ज्ञानी पुरुष असें बिरुद दिलें.

१८१२ च्या जून महिन्यांत चार लाखांहून अधिक सैन्य घेऊन बादशहा रशियांत शिरला. ७ सप्टेंबर रोजीं बोरोदिनो येथें भयंकर लढाई झाली. तींतहि द्रूओच्या तोफा होत्या. एका आठवड्यानें मॉस्को हातीं आलें, पण शहर जळून गेलें, आणि रशियाचा बादशहा तह करीना. १९ ऑक्टोबरला परतीची वाट धरावी लागली. पुढें जें झालें तें जगाला माहीत आहे. थंडी, उपासमार व कोसाकांचे छापे ह्यांनीं तें प्रचंड सैन्य वितळून गेलें. अधिकारी शिपायांस सोडून पळूं लागले. शिपाई बंदुका टाकून देऊं लागले. ज्याला जें मिळेल तें त्यानें ओरबाडावें अशी दशा झाली. अशा दिवसांतहि द्रूओ रोज सकाळीं उठून, तोफेच्या गाड्याला आरसा टांगून, उघड्यावर दाढी करी, कपडे नीट करी, आणि मग आपल्या गोलंदाजांची पाहणी करावयास जाई. हें वाचून कोणाला हंसूं येईल. जेथें माणसें मरत आहेत तेथें दाढीचें काय, असें कोणी विचारील. परंतु त्याच्या माणसांस त्याचा अर्थ बरोबर कळे. अजून शिस्त आहे, अजून आपला नायक जागेवर आहे, आणि उद्यांचा दिवस उगवणार आहे, असें त्यांना त्या एका कृत्यावरून वाटे. शब्दांनीं धीर देणें सोपें असतें. असा रोजच्या वागणुकीनें धीर देणारा माणूस क्वचित्‌ आढळतो.

रशियांतून परत आल्यावर जानेवारी १८१३ मध्यें तो जनरल झाला, आणि बादशहानें त्याला आपल्या जवळच्या अधिकाऱ्यांत घेतलें. त्या वर्षीं फ्रेंचांचें बहुतेक सैन्य कोवळ्या पोरांचें होतें आणि घोडदळ तर जवळ जवळ नव्हतेंच. म्हणून तोफखान्यावरच सारा भार पडला. २ मे रोजीं ल्युट्झेन येथें संध्याकाळपर्यंत लढाई कोणाच्या बाजूनें झुकेल हें कळत नव्हतें. तेव्हां द्रूओनें ७० ते ८० तोफा एका ठिकाणीं जमवून शत्रूच्या मध्यावर धरिल्या, आणि त्यांच्या मागोमाग खाशा फौजेनें हल्ला चढवून गांव घेतलें. ऑक्टोबरांत लाइप्झिग येथें मात्र सर्व युरोप एकवटला, आणि नेपोलियनला ऱ्हाइन नदीकडे माघार घ्यावी लागली.

त्या माघारींत ३० ऑक्टोबर रोजीं हानाऊ गांवापाशीं बव्हेरियाचा सेनापति व्रेडे वाट अडवून बसला. रस्ता दाट रानांतून जात होता. रानाच्या तोंडाशीं द्रूओनें एकामागून एक अशा ५० तोफा बाहेर काढून मांडिल्या. धुरामुळें शत्रूचे घोडेस्वार अगदीं जवळ येईपर्यंत दिसले नाहींत, आणि ते तोफांच्या ओळींत घुसले. गोलंदाजांनीं बंदुका व तोफा ठासण्याचे दांडे उचलून त्यांना तोंड दिलें. द्रूओहि हातांत तरवार घेऊन त्यांच्यांत उभा होता. इतक्यांत खाशा फौजेचें घोडदळ मदतीला धांवलें, शत्रु मागें हटला, आणि फ्रेंच सैन्याला घरची वाट मोकळी झाली. पाव पोंचवणाऱ्या मुलाच्या हातून त्या दिवशीं हजारों माणसें सुखरूप घरीं पोंचलीं असें म्हटलें तरी चालेल.

१८१४ सालीं लढाई फ्रान्सच्या भूमीवरच आली. ७ मार्च रोजीं क्राऑन येथें द्रूओच्या हाताखालीं नवशिके गोलंदाज होते. तोफ कशी ठासावी हेंहि कित्येकांस धड येत नव्हतें. समोरून गोळे येत असतांना द्रूओ घोड्यावरून उतरला, आणि शाळामास्तर जसा एका पाटीवरून दुसऱ्या पाटीकडे जातो, तसा एका तोफेकडून दुसऱ्या तोफेकडे जाऊन त्यानें त्यांना नेम धरावयास शिकविलें. परंतु एप्रिलमध्यें बादशहाला राज्य सोडावें लागलें. तहान्वयें त्याला इटलीच्या किनाऱ्याजवळचें एल्बा बेट मिळालें. ज्यांना त्यानें धूळींतून उचलून सरदार केलें होतें, त्यांच्यांतले पुष्कळ नव्या राजाच्या दरबारीं रुजू झाले. द्रूओ बादशहाबरोबर एल्बाला गेला. बादशहानें त्याला मोठी रक्कम देऊं केली, पण ती त्यानें घेतली नाहीं. पडत्या काळांत धन्याबरोबर पैशासाठीं गेला असें कोणी म्हणूं नये, अशी त्याची इच्छा होती. तेथें तो बेटाचा गव्हर्नर होता, आणि मोकळ्या वेळांत अभ्यास करीत असे.

पुढची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८१५ च्या फेब्रुवारींत नेपोलियननें फ्रान्सला परत जाण्याचा बेत केला. द्रूओला तो बेत पसंत नव्हता. देशांत पुन्हां लढाई पेटेल व रक्त वाहील हें त्याला दिसत होतें, आणि तें त्यानें धन्याला स्पष्ट सांगितलें. बादशहानें ऐकलें नाहीं. आतां द्रूओनें काय करावें? मागें राहावें तर संकटसमयीं धन्याला टाकल्यासारखें होतें. जावें तर जें चुकीचें वाटतें त्यांत हात घालावा लागतो. तो गेला. २६ फेब्रुवारीला सुमारें १००० शिपायांसह गलबतें निघालीं, १ मार्चला फ्रान्सच्या किनाऱ्याला लागलीं, आणि २० मार्चला नेपोलियन पुन्हां पारिसच्या राजवाड्यांत शिरला.

द्रूओनें बरोबर केलें कीं चूक केली ह्याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद होईल, आणि तो व्हावा. आमच्या मतें धन्याला खरें सांगण्याचें कर्तव्य त्यानें पुरें केलें. परंतु सांगून झाल्यावर मागोमाग जाण्यानें त्या चुकीचा भार त्याच्याहि शिरावर आला. तो भार त्यानें दुसऱ्यावर ढकलला नाहीं, हें आपण लौकरच पाहूं.

१८ जून १८१५ रोजीं बेल्जममध्यें वॉटर्लू येथें शेवटची लढाई झाली. खाशा फौजेचा मुख्य सरदार मोर्त्ये आजारी पडल्यामुळें तिची व्यवस्था द्रूओकडे आली होती. आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस पडून शेतांत चिखल झाला होता. सकाळीं द्रूओनें जमीन पाहिली. ओल्या मातींत तोफांचीं चाकें रुततात, आणि गोळाहि पडल्या जागीं रुतून बसतो. कोरड्या जमिनीवर तो टप्पे घेत जातो व पुष्कळ दूरपर्यंत मार करितो. म्हणून दोन तीन तास थांबून जमीन थोडी सुकूं द्यावी असा सल्ला त्यानें बादशहाला दिला. तोफखान्याच्या दृष्टीनें तो सल्ला योग्य होता, आणि नेपोलियन स्वतःहि तोफखान्यांतच वाढलेला असल्यामुळें त्याला तो पटला. लढाई साडेअकराच्या सुमारास सुरू झाली. परंतु दुपारनंतर प्रशियाचें सैन्य इंग्रजांच्या मदतीला येऊन पोंचलें, आणि संध्याकाळीं फ्रेंचांचा पुरता मोड झाला. ते दोन तीन तास आधीं मिळाले असते तर प्रशियन येण्यापूर्वीच निकाल लागला असता, असें पुष्कळांस वाटे.

हा विचार द्रूओला जन्मभर सलत राहिला. इतिहासकार सांगतात कीं, त्या सकाळीं फ्रेंचांच्या कित्येक तुकड्या अजून जागेवर यावयाच्या होत्या, म्हणून उशीर तसाहि झालाच असता. आणि दुसऱ्या सेनापतींच्या चुकाहि कांहीं लहान नव्हत्या. वॉटर्लूनंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवूं लागला. सेंट हेलेना बेटावरून नेपोलियननें दोष आपल्या सरदारांवर टाकिला. सरदारांनीं तो एकमेकांवर टाकिला. द्रूओनें मात्र आपला सल्ला आपल्या नांवावर ठेविला. दुसऱ्या कोणीं त्याला दोष देण्यापूर्वींच त्यानें तो स्वतःकडे घेतला होता. लढाया जिंकणारे सेनापति इतिहासांत शेंकड्यांनीं सांपडतात. हरलेल्या लढाईचा दोष न मागतां घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

पराभवाची बातमी पारिसला पोंचली तेव्हां सर्व बुडालें असा आकांत उडाला. २३ जून रोजीं द्रूओनें सरदारांच्या सभेंत उभें राहून, कांहीं न लपवितां व कांहीं न वाढवितां, लढाईची हकीकत सांगितली. मग खाशा फौजेचें नायकत्व त्याजकडे देण्यांत आलें. हे शिपाई जळफळत होते. त्यांच्या हातांत शस्त्रें होतीं, आणि एक शब्द पुरे होता कीं, देशांत यादवी पेटली असती. द्रूओनें त्यांना शांतपणें लुआर नदीपलीकडे नेलें आणि शिस्त मोडूं दिली नाहीं. पुढें तें सैन्य मोडून शिपायांना घरोघर पाठविण्यांत आलें, आणि दंगा झाला नाहीं. आमच्या दृष्टीनें वाग्राम व हानाऊ येथील पराक्रमाहून हें काम मोठें आहे.

परंतु परत आलेल्या राजानें २४ जुलै रोजीं ज्यांच्यावर खटले भरावयाचे त्यांची यादी काढिली. तींत द्रूओचें नांव होतें. त्याच यादींतील तरुण सेनापति ला बेदोयेर ह्यास १९ ऑगस्टला गोळ्या घालून मारिलें, आणि ७ डिसेंबरला मार्शल नेय ह्याचीहि तीच गत झाली. पळून जाण्यास द्रूओला वेळ व वाट दोन्ही होत्या. तो पळाला नाहीं. स्वतः पारिसला येऊन तुरुंगाच्या दारांत हजर झाला. ६ एप्रिल १८१६ रोजीं लष्करी न्यायसभेपुढें त्याची चौकशी झाली. त्याचें म्हणणें साधें होतें. एल्बाच्या राजाचा मी नोकर होतों. त्या राजाचा हक्क तहानें युरोपांतील सर्व सत्तांनीं मान्य केला होता. मला बेत आवडला नव्हता, तरी माझी शपथ त्याच्याशीं होती. अशा आशयाचा त्याचा जबाब होता. लुआरकांठीं त्यानें सैन्य कसें शांत ठेविलें ह्याची साक्ष मार्शल माक्दोनाल ह्यानें दिली. न्यायाधीशांचीं मतें विभागलीं, परंतु द्रूओ निर्दोष सुटला. राजानें त्याला भेटीस बोलाविलें. तथापि नव्या सरकारची नोकरी त्यानें घेतली नाहीं, आणि पुढें कित्येक वर्षें देऊं केलेलें वेतनहि तो नाकारीत राहिला.

तो नान्सीला, आपल्या जन्मगांवीं, परत आला. तेव्हां त्याचें वय ४२ वर्षांचें होतें. एक लहानसें घर व थोडी जमीन एवढ्यावर त्यानें पुढील आयुष्य काढिलें. शेतीच्या सुधारणेंत तो लक्ष घाली. बाकी सर्व वेळ व पैसा गोरगरिबांकडे जाई. नेपोलियननें १८२१ सालीं मरतांना आपल्या मृत्युपत्रांत त्याच्यासाठीं एक लाख फ्रॅंक ठेविले होते. त्यांपैकीं जें हातीं आलें, तें द्रूओनें त्याच सैन्यांतील म्हाताऱ्या व पंगु शिपायांकडे वळविलें. त्याच्या जुन्या पोषाखावर सोन्याची जर होती. ती उसवून विकून तिचे पैसेहि त्यानें गरिबांस दिले असें सांगतात. १८३० च्या क्रांतीनंतर सरकारनें त्याला मोठे सन्मान दिले. परंतु त्याच्या राहणींत फरक पडला नाहीं.

शेवटचीं वर्षें कठीण गेलीं. १८३३ च्या सुमारास त्याची दृष्टि गेली. ज्या मुलानें भट्टीच्या उजेडांत डोळे ताणून विद्या मिळविली, आणि ज्या सेनापतीनें कोसभर दूरचा नेम धरिला, त्याला आतां दुसऱ्याचा हात धरून चालावें लागे. अनेक वर्षें ह्या अंधारांत व आजारांत काढून २४ मार्च १८४७ रोजीं, वयाच्या ७४ व्या वर्षीं, त्याला नान्सी येथें मरण आलें. दोन महिन्यांनीं तेथील मुख्य देवळांत सुप्रसिद्ध वक्ता लाकोर्देर ह्यानें त्याच्यावर भाषण केलें. त्याच्या लहानपणाच्या पुष्कळशा हकीकती त्या भाषणामुळेंच लोकांस माहीत झाल्या. १८५५ सालीं नान्सी शहरांत त्याचा पुतळा उभारण्यांत आला, आणि पारिस येथील विजयकमानीवर नेपोलियनच्या सेनापतींचीं जीं नांवें कोरलीं आहेत, त्यांत द्रूओचेंहि नांव आहे.

वाचकहो, आम्हीं युद्धाची थोरवी गाण्यासाठीं हें चरित्र लिहिलेलें नाहीं. नेपोलियनच्या महत्त्वाकांक्षेपायीं लाखों घरें उजाड झालीं, आणि त्या लाखोंत द्रूओच्या तोफांनीं पडलेलेहि होते. हें विसरून त्याची स्तुति करणें खोटेपणाचें होईल. त्याला स्वतःलाहि तें विसरतां आलें नसावें; म्हातारपणीं त्याचा हात जखमी शिपायांकडे सारखा जाई, तो उगीच नव्हे. परंतु ह्या माणसापासून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वर कोणी धनी असेल तर त्याला तोंडावर खरें सांगावें, मग तो ऐको वा न ऐको. आपल्या सल्ल्यानें काम बिघडलें असें वाटलें, तर तो सल्ला माझा होता असें आपण होऊन कबूल करावें. आणि वाईट दिवस आले म्हणजे, दुसरें कांहीं करतां आलें नाहीं तरी, सकाळीं उठून आपलें रोजचें काम नीट करावें. त्याकडे पाहून शेजारचा माणूस तग धरितो. मंडळींत, पंचायतींत, शाळेंत किंवा घरांत, ह्या तीन गोष्टींची गरज रणांगणापेक्षां कमी नाहीं.

ज्यांच्या घरीं मुलें कंदिलाच्या किंवा चुलीच्या उजेडांत पुस्तक धरून बसलीं असतील, त्या आईबापांनीं तेल जळतें म्हणून त्यांना उठवूं नये, इतकें सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.